चौलची वाडी आणि सिनेमातला काका

मी, प्रबोध गजानन वर्तक, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त मरीन इंजिनियर, राहणार चोआ चू कांग, सिंगापूर, हे माझे अखेरचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे. शुभा, म्हणजे माझी पत्नी, हयात असताना केलेले आधीचे मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी गोड बोलून भुलवलेलेही नाही. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बुद्धी २००४ सालीही ठिकाणावरच होती, आणि म्हणूनच कलम चार इतके लांबले आहे.

पाया लेबारच्या वकीलबाई म्हणाल्या, खुशाल तुमच्या भाषेत लिहा, भाषांतर आम्ही जोडू. फक्त दोन नियम त्यांनी मला दोनदा बजावले. एक, सही दोन साक्षीदारांसमोर व्हावी आणि त्यांनीही तिथेच सही करावी. आतला मजकूर त्यांनी वाचायलाच हवा असे नाही. दोन, जो साक्षीदार म्हणून सही करेल त्याला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. त्याच्या नावे काही लिहिले असेल तर ते बाद. हा दुसरा नियम वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावा.

कलम १. माझी मुलगी इशिता, राहणार सेम्बावांग, हिला मी व्यवस्थापक नेमतो. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. तिने घाई करू नये.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे जहाजाच्या पत्र्यावर ठोकून आवाज ऐकायची लहान हातोडी, फटी मोजायच्या पट्ट्यांचा संच आणि पितळी टॉर्च, सेम्बावांगच्या गोदीत माझ्या हाताखाली शिकलेल्यांपैकी जो पहिला मागायला येईल त्याला द्यावीत. कोणी येणार नाही असे मला वाटते. तसे झाल्यास हातोडी तेवढी इशिताने ठेवावी. गंजलेला पत्रा वरून रंगवलेला असला तरी आवाजात कळतो, हे मी तिला लहानपणी शिकवले होते.

गणपतीत जेवणासाठी मी दिलेले मोठे पातेले ज्या कुटुंबाने तेरा वर्षांपूर्वी नेले, त्यांचे नाव मी लिहीत नाही. त्यांनी ते ठेवून घ्यावे. झाकण मात्र माझ्याकडेच आहे, आणि ते त्यांना देऊ नये.

माझी मेहुणी संजीवनी हिने शुभाची हिरवी पैठणी 'एका लग्नापुरती' नेली होती. ती मी तिला माफ करतो. शुभाने केली नव्हती.

कलम ३. माझे सीपीएफचे, म्हणजे इथल्या प्रॉव्हिडंट फंडाचे, पैसे मृत्युपत्राने देता येत नाहीत. त्याचे नॉमिनेशन इशिताच्या नावे वेगळे केलेले आहे. पुढे नाव घेऊन जे दिले आहे ते सोडून उरलेले सगळे तिचे. ज्या कोणाला दिलेले काही कारणाने बाद होईल, तेही तिचेच.

कलम ४. माझा चोआ चू कांगचा फ्लॅट माझा थोरला भाऊ कै. विवेक याचा मुलगा ओजस यास मिळावा. ठेवायचा की विकायचा हे नियमात बसेल तसे त्याने ठरवावे. या कलमाला कोणी माझा मोठेपणा म्हणू नये. या फ्लॅटात त्याच्या हिश्श्याचे पैसे आहेत. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

आमच्या वडिलांची चौलला नारळी-पोफळीची वाडी होती. बावीस गुंठे, एक विहीर, पाटाचे पाणी. वडिलांच्या मागे ती विवेकची आणि माझी, निम्मी निम्मी. वहिनी ओजस शाळेत असतानाच गेल्या होत्या. २००४ च्या मे महिन्यात विवेकही गेला, ऑफिसात बसल्या जागी. ओजस तेव्हा एकोणीस वर्षांचा. मी त्याला इथे आणला, युनिव्हर्सिटीत घातला, सेम्बावांगच्या आमच्या भाड्याच्या घरात ठेवला. नातेवाइकांनी माझे फार कौतुक केले आणि मी ते करू दिले.

ऑगस्टमध्ये मी त्याला भारतीय वकिलातीत नेले. बाबांच्या प्रॉव्हिडंट फंडाचे कागद आहेत असे सांगितले. कागद होता कुलमुखत्यारपत्राचा. वाडीतला त्याचा अर्धा हिस्सा विकण्याचा अधिकार त्याने मला दिला, असे त्यात होते. आमच्या घरात मोठ्यांनी पुढे केलेला कागद वाचणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणे. ओजसने एवढेच विचारले, "काका, कुठे सही करू?" खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने त्याला विचारले की तुम्ही हे वाचले आहे ना. तो म्हणाला, "काकांनी वाचलंय."

डिसेंबरात मी चौलला जाऊन सगळी वाडी विकली. पुढच्या वर्षी हा फ्लॅट घेतला. गोदीत तेव्हा माणसे कमी करत होते, मी चोपन्न वर्षांचा होतो आणि डोक्यावर स्वतःचे छप्पर नव्हते. भीती खरी होती. पण ओजसजवळ मागितले असते तर त्याने दिले असते, हे मला तेव्हाही माहीत होते. मला मागायची लाज वाटली, घ्यायची वाटली नाही.

याहून वाईट पुढे आहे. वर्षभराने ओजसने विचारले, आपल्या वाडीचे काय झाले. मी म्हणालो, तुझ्या बाबांनीच ती जाण्याआधी विकली, पैशाचे काय केले देव जाणे, मलाही नंतर कळले. मेलेल्या भावाच्या नावावर मी बिल फाडले. ओजसने त्याच्या टेबलावरचा विवेकचा फोटो उचलून शुभाजवळ दिला आणि सांगितले, काकू, हा तुमच्याकडेच असू दे. त्याला आता वीस वर्षे होत आली. त्याच्या घरात बापाचा फोटो नाही, बापाच्या तिथीला तो लॅबमध्ये असतो. त्याची मुलगी ऋग्वेदा सहा वर्षांची आहे आणि तिला आजोबांचे नाव माहीत आहे की नाही, मला ठाऊक नाही.

कलम ५. टीव्हीखालच्या कप्प्यात एक व्हिडिओ टेप आहे. तीही ओजसची. ती लावायचे यंत्र आता घरात नाही.

तिच्यावर हॉलिवुडचा एक जुना कृष्णधवल सिनेमा आहे, स्कॉटलंडच्या एका गाजलेल्या साहसकथेवरून काढलेला. वकिलातीतून आलो त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी तो टीव्हीवर लागला आणि शुभाने टेप केला. पोरका पुतण्या आपल्या काकाच्या दारात येतो. इस्टेट खरी पुतण्याची असते. काका त्याला फसवून जहाजावर चढवतो, परत येऊ नये म्हणून. ओजस जमिनीवर बसून शेंगदाणे खात हसत होता. डोंगर पुठ्ठ्याचे आहेत म्हणाला. काकाला बघून म्हणाला, हा अगदी आपल्या काकांसारखाच, जाता येता दिवे बंद करतो. तेव्हापासून मी गोदीवर निघालो की तो म्हणायचा, "काका, मला जहाजावर चढवू नका हं." रोज. चार वर्षे, तो स्वतःच्या खोलीवर राहायला जाईपर्यंत. मी रोज हसायचो.

शुभाला वाडीचा व्यवहार कधी कळला हे तिने मला सांगितले नाही. वाडीबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नाही. पण एकदा कप्पा आवरताना मला दिसले की त्या टेपवर तिने चिठ्ठी चिकटवली होती, तिच्या गोल अक्षरात: 'काका-पुतण्या. पुसू नये.' ती गेल्यालाही आता आठ वर्षे झाली. चिठ्ठी तशीच आहे.

ती गेल्यावर तीन वर्षांनी मी लायब्ररीतून मूळ कादंबरी आणून वाचली. तीन आठवडे लागले. सिनेमात लढाया आहेत, एक मुलगी आहे, शेवटी सगळे गोड आहे. कादंबरीत काकाला दारात उभे करून बोलते करतात आणि तो काय केले ते स्वतःच्या तोंडाने सांगतो. अंधारात माणसे लपून ते ऐकत असतात, साक्षीला. सिनेमावाल्यांनी नेमके ते साक्षीदार गाळले. मला ते फार सोयीचे वाटले होते, आणि आपल्याला सोयीचे वाटले याची त्या दिवशी मला पहिल्यांदा शिसारी आली. तरीही मी पाच वर्षे गप्प राहिलो.

कलम ६. विवेकचा फोटो माझ्या कपाटात, लोकरी शालीखाली आहे. तो ओजसचा.

कलम ७. माझे दहन मंदाईच्या स्मशानभूमीत करावे. अस्थी चौलला नेऊ नयेत. तिथल्या समुद्रावर माझा हक्क उरलेला नाही.

कलम ८. येथवर मी दिवाळीपूर्वी लिहून ठेवले होते, आणि सही बाकी होती. इशिताला मी सगळे वाचून दाखवले होते. फ्लॅट ओजसला जाणार याबद्दल तिने हूं की चूं केले नाही.

भाऊबीजेला ओजस इथे आला. इशिताने त्याला ओवाळले. मग त्याला टेबलावर वकीलबाईंचे पाकीट दिसले. मी मृत्युपत्र करतो आहे म्हटल्यावर तो हसून म्हणाला, साक्षीदार लागतात ना, मी आहे की. आणि म्हणाला, "काका, कुठे सही करू?"

तेच चार शब्द. वीस वर्षांनी.

नियम त्याला माहीत नव्हता. मला माहीत होता. त्याने सही केली की कलम चार बाद, आणि कलम तीनप्रमाणे फ्लॅट माझ्या मुलीचा. कागदावर मी दिलेला राहणार, म्हणजे देण्याचे पुण्य पदरात आणि फ्लॅट घरातच. त्याचे लॅबमधले कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपते आहे, तो भाड्याने राहतो, हेही मला माहीत होते. मी म्हणालो, "बरं. शनिवारी ये."

मी खरोखर असे म्हणालो. कोणी लावलेला आरोप नाही, मीच लिहितो आहे.

तो गेल्यावर इशिता निरांजन हातात धरून उभी होती. ती म्हणाली, "बाबा, यू डिडंट टेल हिम. अगेन." मी म्हणालो की कागदात सगळे लिहिले आहे, मी गेल्यावर त्याला कळेलच. ती तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "पेपरच्या मागे लपू नका लाह. ही इज जस्ट टू स्टेशन्स अवे."

आठवडाभर मला अन्न गोड लागले नाही. एखादा दुसरा साक्षीदार शोधून ओजसला फोनवर 'येऊ नकोस' म्हणणे सोपे होते. तसे केले असते तर फ्लॅट त्याला मिळाला असता आणि माझे तोंड त्याला बघावे लागले नसते. मी फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवला. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या चैत्राली, पुण्याहून नोकरीसाठी आलेल्या, त्यांना मात्र मी शनिवारी साक्षीला यायला सांगून ठेवले, आणि त्यांच्या मैत्रिणीलाही, म्हणजे ओजसची सही लागणार नाही.

कलम ९. आज शनिवार. हे कलम मी ओजससमोर बसून लिहितो आहे.

तो अकराला आला. बसायच्या आधीच त्याने खिशातून पेन काढले. मी कागद त्याच्या पुढे ठेवले आणि म्हणालो, "आधी वाच. पहिल्यापासून. मी वाचलंय असं समजू नकोस." तो हसला. मग वाचू लागला.

कलम चारपाशी त्याने पान उलटले नाही. मी स्वयंपाकघरात जाणार होतो, पण गेलो नाही. समोर बसून राहिलो. ते पान त्याने परत वरपासून वाचले. कलम पाच वाचताना त्याने टीव्हीखालच्या कप्प्याकडे पाहिले. सगळे संपल्यावर त्याने विचारले, "म्हणजे बाबांनी काहीच विकलं नव्हतं?"

मी म्हणालो, "नाही. तुझ्या बाबांना वाडी जिवापेक्षा प्यारी होती. विकली मी. खोटं बोललो मी."

तो उठून आतल्या खोलीत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा फोटो त्याच्या हातात होता आणि त्याचे डोळे मला पाहवले नाहीत. मला वाटले तो ओरडेल. ओरडला असता तर बरे झाले असते. मला माफी मागायची होती. जन्मभर लोकांना जहाजांची भगदाडे दाखवली, पण तोंडातून मोठे काही निघाले नाही. "चुकलो रे" एवढेच निघाले.

मी त्याला सांगितले की चैत्राली आणि त्यांची मैत्रीण खाली येत आहेत, सही त्या करतील, तुला करायची नाही. तो म्हणाला, "मीच करणार." मी पुन्हा सांगितले, तू सही केलीस तर फ्लॅट तुला मिळणार नाही. ऋग्वेदाचा विचार कर. त्याने फोटो शर्टाच्या आत, छातीशी ठेवला आणि म्हणाला, "समजतं मला काका. वीस वर्षांपूर्वी नव्हतं समजत. या घरात मला नाही राहता येणार. पण हे तुम्ही लिहिलंत याला साक्षीदार हवा, आणि तो मीच."

मी कलम चार खोडत नाही. ते बाद होणार हे ठाऊक असून तसेच ठेवतो, वाचणाऱ्याला दिसावे म्हणून. त्याची ही सही मनाला लागते आहे, पण ती थांबवायचा अधिकार मला नाही. टेप त्याने घेतली नाही. तो पुन्हा या घरी येईल का, हे मी त्याला विचारलेले नाही.

दारावरची बेल वाजली. चैत्राली आल्या आहेत, त्यांच्या मैत्रिणीची आता गरज नाही. आता सही करतो.

आम्ही तिघे एका टेबलाशी हजर असताना मी या मृत्युपत्रावर सही केली.

मृत्युपत्र करणार: प्रबोध गजानन वर्तक (सही)

स्थळ: चोआ चू कांग, सिंगापूर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार १: चैत्राली सुहास भागवत (सही)
मजकूर वाचलेला नाही. सही समोर झाली.

साक्षीदार २: ओजस विवेक वर्तक (सही)
सगळे वाचले. मी स्वतः वाचले.