विजेचं बिल आणि टोलनाका

प्रिय पायल,

पत्र बघून घाबरू नकोस. फोन लावला की तुझी आई शेजारी येऊन बसते आणि हे मला तिच्यासमोर बोलता येत नाही. दुकान बंद आहे ते कॉम्प्युटरच्या चुकीमुळे, असं मी तुम्हा दोघींना सांगितलं होतं. तिला अजूनही तेच खरं वाटतं. मला काय वाटतं, ते मलाच नीट उमगत नाही.

झालं असं की, सदर बाजारातल्या व्यापाऱ्याने आपल्या साड्यांची ऑर्डर रद्द केली. तुमचा जीएसटी नंबर स्थगित दिसतो, म्हणाला. पोर्टल, पासवर्ड सगळं तुझ्या भावाच्या मोबाइलवर, म्हणून मोहितला विचारलं. नोटीस आली आहे, बघतो, एवढंच तो बोलला. शेवटी मीच सीताबर्डीला आपल्या कर सल्लागाराकडे, संजीवकडे गेलो. कोणत्या साहेबांना भेटायचं, असं विचारलं तर तो हसला. आता एआय लाखो बिलं चाळतं आणि संशयाची नावं काढून देतं, म्हणाला. आधी पोर्टलवर उत्तर टाकायचं, मग तपासणीला माणूस येतो. नोटिशीत लिहिलं होतं की आपली विक्री फार वाढली, पण त्या मानाने सुताची खरेदी आणि विजेचा वापर वाढला नाही.

वीज! हातमागाला वीज कशाला लागते? माझा डोळा त्याच शब्दावर अडकला. सुताचं मी वाचलं, पण ते डोक्यात शिरलं नाही. त्या यंत्राने माग कधी बघितला नाही, असं मी सीताबर्डीपासून घरापर्यंत भेटेल त्याला सांगत आलो.

विजेचं उत्तर संजीवने पोर्टलवर टाकलं, मग तपासणीला एक मॅडम आल्या. तरुण, तुझ्याच वयाच्या. आपल्या विणकर इंदूबाई मागावर होत्या, त्यांचं विणणं मॅडमनी उभं राहून बघितलं, फोटो काढले. विजेचं तुमचं बरोबर आहे, हेही मान्य केलं. मला इतकं बरं वाटलं की मी चहा सांगितला. मग त्यांनी टॅब माझ्यासमोर धरला. आपल्या साड्या ज्या गाडीने रायपूरला गेल्या असं बिलात होतं, ती गाडी त्या दिवशी एकाही टोलनाक्यावरून गेलेली नव्हती. दुसऱ्या बिलाची गाडीही नाही. काका, माल गेला कसा, असं त्यांनी अगदी हळू विचारलं.

मी मोहितकडे बघितलं. त्याने मान वर केली नाही.

मॅडम गेल्यावर मी त्याला एवढंच विचारलं, "काहून केलं गा?"

तो म्हणाला, "साड्या खपून नाही राहिल्या, बाबा. बिलं खपून राहिली होती."

माल न देता, दुसऱ्यांना कर चुकवता यावा म्हणून नुसती बिलं विकत होता तो, आपल्या दुकानाच्या नावाने. मी रागावलो नाही, ओरडलो नाही. आम्ही रोज ताटाला ताट लावून जेवायचो, पायल. दूरच्या रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला जे कळलं, ते मला कळलं नाही. त्या यंत्रावर चिडावं की त्याचे आभार मानावेत? हातमाग सोडायचा नाही हा हट्ट माझा, घर चालवायचा भार त्याच्यावर. मग चूक नेमकी कुठून सुरू झाली, तेही सापडत नाही.

मॅडमनी आता गाड्यांबद्दल लेखी उत्तर मागितलं आहे. जीएसटी नंबर माझ्या नावाचा. मला ठाऊक नव्हतं असं लिहिलं, तर मोहित अडकतो. मीच केलं असं लिहिलं, तर ते खोटं. संजीव म्हणतो, जे खरं तेच लिहा. पण लिहायला बसलो की हात चालत नाही.

मोहित त्याच संध्याकाळी घरातून गेला. उमरेडला मित्राकडे आहे, असं मी आईला सांगितलं. एरवी फोनवर तू आधी त्याची चौकशी करतेस. परवा केली नाहीस, तेव्हाच समजलो की तो तुझ्याकडे आहे. त्याला घालवू नकोस, रागावूही नकोस. फक्त हे पत्र त्याला वाचायला दे. उत्तराची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. म्हणावं, बाबांनी अजून काही लिहिलेलं नाही. त्याने यावं, आम्ही दोघं मिळून लिहू, आणि पुढे जिथे बोलावतील तिथे दोघं मिळून जाऊ. तो आला नाही, तर मी काय लिहीन, हे मला खरंच माहीत नाही.

तुझाच,
वाट बघणारा बाबा