लेखात नसलेला जाळ

२१ मे १९५६
नूर मोहम्मद नावाचे एक गृहस्थ आज वर्ध्याकडून थेट आलापल्लीला येऊन धडकले. तेही माझ्यासारखे सागाच्या रोपवाटिकेतलेच. सागाचं बी उगवण्यावरचा माझा छापून आलेला लेख टेबलावर आपटला! "हा वाचून बी भिजवलं, वाळवलं, पुन्हा भिजवलं, पेरलं. एक कोंब नाई आला! साहेब मलेच कामचुकार म्हणून राह्यले." म्हणजे मी खोटा, नाहीतर ते. याच लेखावर माझी कायम नेमणूक ठरायची आहे. अंगाचा तिळपापड झाला.

२२ मे
म्हणे इथेच करून पाहतो. अट एकच — "तुम्ही तोंड उघडायचं नाई. लिहिलं तेवढंच करतो." करा म्हटलं, खुशाल करा!

२९ मे
बी तयार. पेरणार तोच आमच्या इथल्या मजुराने, पोचूने, नेहमीसारखा वाफ्यावर पाला-काटक्या पसरून जाळ केला. नूर मोहम्मद धावत आले. "हे लेखात कुठी हाये?"
मी अटीप्रमाणे नुसतं पोचूकडे बोट दाखवलं. पोचूच म्हणाला, "भाजल्याबिगर वाफा होते काय, भाऊ?"
इथे वाफा म्हटला की भाजलेलाच. त्यात लिहायचं काय! पण त्यांच्याकडे भाजत नाहीत. लाजलो खरा, पण हायसंही वाटलं. एक ओळ वाढवली की लेख तरला.

३० मे
तीन वाफे पेरले. एक भाजलेला, एक न भाजलेला. दोन्हींत भिजवलेलं बी. तिसरा नूर मोहम्मदांचा हट्ट — भाजलेला, पण बी कोरडं. "असं कधी पेरून पाह्यलं काय तुम्ही?"
नाही पाहिलं. कशाला पाहीन? भिजवणं हाच तर माझा शोध! उगवल्याशिवाय हलत नाही म्हणतात.

१० जून
काही नाही. मी दिवसातून दहादा वाफे पाहून येतो. ते मात्र ताटभर भात हाणतात.

१७ जून
पहिल्या वाफ्यात कोंब! दुसरा सपाट. तिसराही. नूरभाईंनी मिठीच मारली — "आता साहेबाले सांगतो, मी कामचुकार नाई." लेखाला दुरुस्ती म्हणून ती ओळ जोडलीसुद्धा.

१८ जून, सकाळ
तिसरा वाफा उगवलाय. पहिल्याइतकाच दाट. कोरडं बी! माझ्या भिजवण्याने काहीच होत नव्हतं. सगळं त्या जाळाने.
नूरभाई अजून झोपलेत. उपटून टाकायला कितीसा वेळ लागणार — वाकलोही होतो.
मग त्यांना हाक मारली.