दोन चिपांमधली माझी वायर

८ एप्रिल २०१०, औलू, फिनलंड
ताजी बातमी: फोनमधली मुख्य चिप आणि मोडेमची चिप आज एकमेकींशी बोलल्या. अकरा सेकंद. शेजारच्या टेबलावरच्या पाइवीने घड्याळ लावून खात्री केली. बाराव्या सेकंदाला मोडेम गप्प. दोष अर्थात मोडेमचा. दोघींमधली वेगवान वायर चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मी लिहिलाय. चार हजार दोनशे ओळी. चूक राहायला जागाच नाही.

१२ एप्रिल
ऑफिसच्या सॉनात वाफ घेता घेता आमचा वरिष्ठ राइमो म्हणाला, हा ड्रायव्हर शरद ऋतूपर्यंत लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये, म्हणजे जगभर वापरल्या जाणाऱ्या गाभ्यात गेला, तर तिथे लेखक म्हणून ज्याचं नाव लागेल तोच टीमलीडर. सॉनात दिलेला शब्द राइमो मोडत नाही. म्हणजे झालोच.
संकल्प: मे संपायच्या आत.

१५ एप्रिल
पाइवी म्हणते, ऑस्मो, तुझा ड्रायव्हर समोरच्या चिपला हाक मारतो आणि तिने ‘ओ’ द्यायच्या आत बडबडायला लागतो. बोलून झालं तरी हाका चालूच. ती बिचारी झोपणार कधी? म्हणून फोन तापतो, बॅटरी चार तासांत संपते.
मी म्हटलं, औलूच्या थंडीत गरम फोन ही सोय आहे. तिला विनोद कळत नाही.

३ मे, सकाळ
वाप्पूच्या, म्हणजे मे दिनाच्या पार्टीचं डोकं अजून जड. तरीही अख्खा ड्रायव्हर एकाच मेलमध्ये कर्नलच्या मेलिंग लिस्टवर पाठवला. आता जग वाचेल.

४ मे
कर्नलच्या त्या भागाची जबाबदारी असलेल्या फोल्कमार नावाच्या जर्मनाचं सर्वांसमक्ष उत्तर: तुमच्या मेलखाली लिहिलंय की हा मजकूर गोपनीय आहे, भलत्याच्या हाती पडल्यास नष्ट करावा. इथे आम्ही सगळेच भलते. नष्ट केला. पुढच्या वेळी तुकडे करून पाठवा.
ती ओळ कंपनी प्रत्येक मेलला आपोआप चिकटवते. नऊ जणांनी हसरे चेहरे पाठवले. म्हणजे दखल घेतली गेली.

२२ जून
ती ओळ काढायला हेलसिंकीच्या कायदा विभागाची परवानगी लागते. सात आठवडे विचारतोय. म्हणाले, यूहान्नुसचा, म्हणजे भर उन्हाळ्याचा सण झाल्यावर बघू. यूहान्नुसनंतर जुलै, आणि जुलैमध्ये या देशात फक्त डास कामावर असतात.
(मे संपून गेला, पण संकल्प करताना मी कायदा विभाग धरला नव्हता.)

५ जुलै, तळ्याकाठचं घर
तोडगा! सिनिक्काच्या मेलला कसलीच ओळ चिकटत नाही. बायको दातांच्या दवाखान्यात नर्स आहे. तिथे काय गोपनीय? अकरा तुकडे केले, खाली माझी सही टाकली, तिच्या पत्त्यावरून पाठवून दिले. पाइवीने सांगितलेलं काही बदललं नाही. तत्त्व आहे.
संकल्प: ऑगस्टपर्यंत मेल बघायची नाही. मासेमारी.

१९ जुलै
मासा शून्य.
सिनिक्का म्हणाली, कुणी फोल्कमार मला पत्र लिहितोय. फार सभ्य आहे. विचारतो, हा समोरच्याच्या उत्तरासाठी थांबतो का?
मी म्हटलं, लक्ष देऊ नकोस, जळतो मेला.
ती म्हणाली, मी कळवलंसुद्धा. नाही थांबत, अठरा वर्षांचा अनुभव आहे.
मग पाइवीला फोन लावून बसली. तासभर. मध्येच कागदावर काहीतरी लिहून घेत होती. बायकांच्या गप्पा.

११ ऑगस्ट
गेला! कर्नलमध्ये गेला! फोल्कमारने स्वतः लिस्टवर जाहीर केलं. सोबत पाइवीची चाळीसेक ओळींची दुरुस्तीही गेली म्हणे, किरकोळ.
शुक्रवारी कॉफीबरोबर केक माझ्यातर्फे. वर साखरेत नाव: ऑस्मो केत्तुनेन.

१३ ऑगस्ट
पाइवीने मोठ्या पडद्यावर कर्नलमधली नोंद उघडली. लेखक: सिनिक्का केत्तुनेन.
नियम असा की मेल ज्याच्या पत्त्यावरून येते तोच लेखक. सहीतलं माझं नाव म्हणजे ‘माल पुढे पाठवणारा’. बदलता येत नाही; जगभर प्रती गेल्यात. दुरुस्तीची लेखिका: पाइवी होंकाला.
राइमोने कप खाली ठेवला. म्हणाला, सॉनातला शब्द तो शब्द. सिनिक्का दातांच्या दवाखान्यात नोकरीला आहे, तेव्हा पुढचं नाव. अभिनंदन, पाइवी.
केक त्यानेच कापला. पहिली सुरी बरोबर ‘ऑस्मो’वरून.

१६ ऑगस्ट, संध्याकाळ
फोन गारठलेला. बॅटरी तिसऱ्या दिवशीही शिल्लक.
ऑक्टोबरमध्ये प्रागला कर्नलवाल्यांची परिषद. फोल्कमारने सिनिक्काला बोलावलंय. सोबत एकाला नेता येतं. मी कोट इस्त्रीला टाकला.
पाइवी जाणार आहे.
सिनिक्काने विचारलं, मांजराकडे तू बघशील ना? मी तोंड उघडायच्या आत ती बॅग शोधायला निघून गेली. समोरच्याच्या उत्तरासाठी थांबायचं असतं, एवढंही या घरात कुणाला कळत नाही.