सगळ्यात दुबळं बल

पौड, दि. ४ मार्च २०२५

चि. जुईलीस, शारदा आत्याचा आशीर्वाद. वि. वि.

होस्टेलवाल्यांनी परीक्षेपतोर फोन काढून घेतला म्हनून हे लिवतीया. तुजा बाप, आमचा दादा, हिंजवडीला कंपनीची गाडी घेऊन जाताना बावधनला थांबंल, पिशवी वॉचमनकडं देईल. मेथी न् भाकरी हाय. एकटीच खाऊ नगंस.

आईचं खरं काय ते कळव म्हनलीस, म्हनून सांगते. जानेवारीत मोडलेलं मांडीचं हाड आता जुळलंय. डॉक्टर उभं राहा म्हनत्यात, पन वहिनी वॉकरला हात लावत न्हाई. जमीन खाली ओढती, म्हनती. अशीच पडून राहिली तर पायातली ताकद जाईल, असं डॉक्टरांनी मला भाईर बोलावून सांगितलं. तू मातर परीक्षा सोडून यायचं मनात आनू नगंस.

माया हायेच, तीच धाडते.
तुजी शारदा आत्या

बावधन, दि. ८ मार्च २०२५

ती. शारदा आत्यास, शि. सा. न. वि. वि.

मेथी माझ्या खोलीतल्या किमयानेच जास्त खाल्ली. तुझं पत्र वाचून मी बॅग भरायला काढली होती. तिने ती उचलून कपाटावर टाकली आणि सीईटी झाल्यावर उतरवू म्हणाली.

मग पुस्तक उघडून नुसतीच बसले. गुरुत्वाकर्षणाची उजळणी चालू आहे. सूत्र गेल्या वर्षापासून पाठ आहे, पण आज पहिल्यांदा त्याची भीती वाटली. झालं असं, की टेबलावर टाचणी पडली होती. किमयाने कपाटाच्या दाराचा निखळलेला चुंबक वर धरला आणि टाचणी टुणकन त्याला चिकटली. आत्या, त्या टाचणीला खालून अख्खी पृथ्वी ओढत होती. आपले डोंगर, धरणाचं सगळं पाणी, समुद्र, सगळं मिळून. आणि बोटाएवढ्या चुंबकाने ती काढून घेतली. सर सांगतात, निसर्गातल्या मूळ बलांमध्ये हे सगळ्यात दुबळं. आणि चंद्राला धरून ठेवणारं तेच. अंगावर काटा आला.

आणखी एक. पृथ्वी आईला जितक्या जोराने ओढते, तितक्याच जोराने आई पृथ्वीला ओढते. कणभरही कमी नाही. हे पुस्तकात आहे, माझ्या मनचं नाही. तेवढं तिला वाचून दाखव.

आजवर केलीस तशीच माया कर.
तुझी जुईली

पौड, दि. १३ मार्च २०२५

चि. जुईलीस, अ. आ. वि. वि.

तुजं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. मला निम्मं कळलं न्हाई. तिनं शेवटचं तेवढं परत वाचाया लावलं न् भिंतीकडं तोंड करून पडली. मला वाटलं, रडतीया.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकला व्हता, तर वॉकर सरकल्याचा आवाज. जाऊन बघते, तर पाय खाली सोडून बसलेली. मी धराया गेले, तिनं हात झटकला. म्हनली, "थांब शारदा. मी बी तिला ओढतीया न्हवं." आनि उठली.

जुईली, मी लई बाळंतपनं बघितली, पन असं काय बघितलं न्हाई. पाय लटलट कापत व्हते, घाम गळत व्हता, आनि ती हळूहळू वर येत व्हती. दादा रातपाळी करून तेवढ्यात दारात आला. त्यानं चपला काढल्या आनि देवळापुढं राहावं तसा उंबऱ्याभाईरच उभा राहिला. चहा उतू गेला.

आता मुकाट्यानं अभ्यास कर. माया हाये तशीच.
तुजी शारदा आत्या

पौड, दि. ३० मार्च २०२५

चि. जुईलीस, आईचे अ. आ. वि. वि.

तुझी आत्या काल तिच्या घरी गेली. मी आता वॉकर धरून अंगणापर्यंत जाते. तिथं पोचले की थोडी थांबते. पायाखाली एवढी मोठी पृथ्वी, आणि तीही माझ्याकडं ओढली जातेय, हे मनात येतं. चाळीस वर्षं चालले, पण असं कधी वाटलं नव्हतं. कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून तुलाच सांगते.

पेपरात हे विचारतील की नाही, मला ठाऊक नाही. विचारलं तर घाईनं लिहू नको.

अक्षर वेडंवाकडं आलंय. ओट्याशी उभी राहून लिहितेय. आता जरा बसते.

तुझी आई
उषा