जमादाराचं रिव्हॉल्व्हर

उस्ताद,

जमादाराचं रिव्हॉल्व्हर गेल्या आठवड्यात पुन्हा दुरुस्तीला आलं, माझ्या दुकानात. या वेळी जमादाराचा मुलगा घेऊन आला होता. बाप गेला, परवाना मुलाच्या नावावर झाला, आणि परवान्याबरोबर बापाच्या मिशा आणि आवाजही त्याच्याकडे आले असावेत. फडक्यातून काढून त्याने ते माझ्या कामाच्या फळीवर ठेवलं. "तुमच्या उस्तादानं बिगडवून ठेवलंय. तुमी लई हुशार म्हंत्यात. बगा की," म्हणाला. बोरामणीकडच्या विहिरीच्या पाण्यावरून चुलतभावाशी बिनसलंय, हेही त्यानेच सांगितलं. "मारायचं न्हाय वो कुणाला. नुस्तं दावायचं हाय." मी ठेवून घेतलं. खरं सांगायचं तर विहिरीचं मी ऐकलंच नाही. माझं सगळं लक्ष त्या रिव्हॉल्व्हरकडे होतं.

तुमच्या हाताखाली मला सहा वर्षं झाली होती तेव्हा ते पहिल्यांदा आलं. कुठलासा साहेब विलायतेला परत जाताना जमादाराच्या बापाला देऊन गेलेला, म्हणजे तेव्हाच जुनं. चक्र मधेच अडकतं, एवढीच तक्रार होती. आपल्याकडे यायच्या त्या सगळ्या ठासणीच्या बंदुका, हे काम निराळंच. घोडा अंगठ्याने चढवायची सोयच नाही, नुसता चाप ओढला की चक्र फिरतं, घोडा आपोआप उठतो आणि पडतो. मला ते उघडून बघायचंय. तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसला आहात, आणि मी मान वाकडी करून डोकावलो की म्हणता, "इसकू हात नक्को लगा." तिसऱ्या दिवशी तुम्ही जमादाराला सांगितलंत की आतली जीभ गेली, इथे मिळत नाही, आता हे होणार नाही. त्याने चाप ओढून पाहिला तर चाप लुळा. आणलं तेव्हा नुसतं अडकत होतं, परत नेताना पार मेलेलं. त्याने भर पेठेत तुमची अक्कल काढली. तुम्ही मान खाली घालून विडी शिलगावलीत. मला लाज वाटली, तुमची. महिन्याभरात मी वेगळं दुकान थाटलं. उस्तादाला का सोडलंस, असं कुणी विचारलं की सांगायचो, म्हाताऱ्याला नवं काम येत नाही, चांगली वस्तू बिघडवतो. लोक हसायचे. तुम्ही गेल्यावरही सांगत राहिलो, सवय झाली होती.

तर आता ते माझ्यासमोर. बाजूची पट्टी उघडली, चक्र अडकवणारा मळ खरवडून काढला. चाप ओढल्यावर घोड्याला खालून उचलते ती पोलादाची बारीक जीभ, करंगळीच्या नखाएवढी, आखूड झालेली दिसली. झिजली असणार, असं धरून मी नवी करायला घेतली. मोडक्या कानशीचं पोलाद तापवून मऊ केलं, कापलं, घासलं, बसवून पाहिलं, पुन्हा घासलं, शेवटी पुन्हा कडक व्हायला पाणी दिलं. तीन दिवस गेले. गिरणीचा दुपारचा भोंगा होऊन गेला तरी मी जेवायला उठत नव्हतो. तिसऱ्या दिवशी चाप ओढला. चक्र एक घर फिरलं, घोडा उठला आणि पडला. मी एकटाच हसलो. सहा वेळा ओढला, सहाही वेळा तसंच. मग जुनी जीभ मोडीत टाकायला उचलली आणि उजेडात धरली. जिथे काहीच घासत नाही तिथे ती कमी झाली होती. ती झिजलेली नव्हती, कानशीने कापलेली होती. आणि कापल्यावर तिची कड गोल केलेली होती. बोचरी कड सोडली म्हणून कानशीची मूठ तुम्ही माझ्या बोटांवर किती वेळा मारली असेल! बिघडवतानासुद्धा तुम्हाला कड तशीच सोडवली नाही.

दुसऱ्या दिवशी जमादाराची बायको आली, अडकित्त्याला धार लावायचं निमित्त करून. आता म्हातारी झाली आहे. फळीवरच्या फडक्याकडे बघत तिने विचारलं, "झालं का वो ते?" झालं म्हणालो, जरा ऐटीतच. ती पायरीवर बसली.

"मीच सांगितलं हुतं तुमच्या उस्तादाला," ती म्हणाली. "माहेराला जाते म्हनले म्हून मालकांनी माज्यावर रोखलं. चाप वडला बी. चक्र आडकलं म्हून मी हितं हाय. दुसऱ्या दिवशी त्येच नीट कराया तुमच्याकडं आनलं."

"उस्ताद काय म्हणाले?"

"कायबी न्हाय. हां म्हनले." मग उठताना म्हणाली, "पोरगं बापावानीच हाय. कुटं बोलू नगा."

ठरवायला मला दीड दिवस लागला. तुम्हाला बहुधा एक विडी पुरली असेल. मनात काय काय आलं ते तुमच्यापासून लपवत नाही: हा पुण्याला नेईल आणि तिथे कुणीतरी करून देईलच, मग मी का नाव घालवू? पेठेत कुणाला जमलं नाही ते मी केलं, हे एकदा तरी लोकांना दिसू दे. विहिरीचा विचार सगळ्यात शेवटी आला. शेवटी मी नवी जीभ काढली, तुमची कापलेली परत बसवली आणि पट्टी बंद केली. मुलगा आला तेव्हा होत नाही म्हणालो. "जसा उस्ताद तसा चेला," तो रस्त्यावरून ओरडला. शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघत राहिला. तुम्हाला काम येत होतं, हे तेव्हा सांगावंसं फार वाटलं. पण ते सांगायचं तर त्या बाईचं सांगावं लागतं. मी इतकी वर्षं पेठेत जे पसरवलं ते आता मला निस्तरताही येत नाही. उस्ताद, मी तुमच्याशी फार वाईट वागलो.

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं. तुम्ही असतात तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मी वाचलं नसतं. नवी जीभ मी भट्टीत टाकायला हवी होती. टाकली नाही. इतकं नेमकं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि ते मला तुम्हाला दाखवायचं होतं.