सतराचा पाढा

आई, तुझ्या नातीचं लग्न झालं. सिंगापूरला. तुला लातूर सोडून दुसरं मोठं शहर माहीत नव्हतं, आणि लातूरही माहीत होतं ते माझ्या अकरावीच्या प्रवेशापुरतं, म्हणून सांगते : विमानानं जावं लागतं, समुद्रापलीकडचं शहर आहे. माझी मुलगी तिथं नोकरी करते. नवरा मुलगा चिनी घरातला, ख्रिस्ती. आपल्याकडच्या काही जणांनी तोंडं वाकडी केली. तुझा धाकटा, बारक्या, मात्र फोटो बघून एवढंच म्हणाला, "पोरगं शांत दिसायलंय. करू द्या."

त्या शहरात एकाच रस्त्यावर देऊळ आहे, त्याच्या पलीकडं मशीद, आणि चार पावलांवर चिनी लोकांचं देऊळ, त्याच्या दारात उदबत्त्यांचा धूर. मला त्याचं नवल वाटलं नाही. नांदेडला माझ्या गच्चीवर गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन आणि अजान पहाटे मिसळूनच येतात. नवल वाटलं ते बारक्या तिथं रमला याचं. त्यानं चिनी देवळात उदबत्ती लावली, मशिदीबाहेर बसलेल्या एका म्हाताऱ्याशी मोडक्या हिंदीत तास घालवला, आणि मला येऊन म्हणाला, "आक्का, आपल्या गल्लीवानीच हाय गं हितं." गल्ली म्हणजे जुन्या गावातली. ती आता फक्त त्याच्या तोंडात उरली आहे.

लग्न सकाळी चर्चमध्ये आणि संध्याकाळी आपल्या पद्धतीनं, असं ठरलं होतं. चर्चमध्ये मुलीला वडील हाताला धरून आत नेतात. तुझी नात म्हणाली, "आपल्यात मामा आणतो ना मुलीला बोहल्यावर? मग मामाच नेईल." तिचे बाबा हसून हो म्हणाले आणि आत पहिल्या बाकावर जाऊन बसले. बारक्या महिनाभर आधीपासून खूश होता. तुला ठाऊक नाही, आई, पण तो दगडी भिंतीच्या घरात पाऊल टाकत नाही. सिमेंटचं चालतं, पत्र्याचं तर फारच आवडतं. लातूरला तो गणित शिकवतो. त्याचा क्लास मोठ्या इमारतीत गेला तेव्हा तो गेला नाही, पत्र्याच्या शेडमध्येच राहिला, आणि पोरं तिथंही दाटीवाटीनं येऊन बसली. चर्चचा फोटो आम्ही पाहिला होता. पांढरंशुभ्र, चुन्यानं रंगवलेलं. आत दगड असेल हे कुणाच्या मनातच आलं नाही.

दारात तो थांबला. डोक्याला फेटा, तुझ्या नातीचा हात त्याच्या हातात. दुसरा हात त्यानं चौकटीच्या आतल्या बाजूनं फिरवला, भिंतीची जाडी मोजावी तसा. आत बाजा सुरू झाला होता, लोक उभे राहिले होते. "आक्का," तो म्हणाला, "लई जाड हाय गं भिंत." आणि तिथंच पायरीवर बसला. कपाळाला घाम. मी पुढं झाले, त्याच्याजवळ बसले. पोरीनं आत खूण करून बाजा थांबवला.

मला वाटलं, थोड्या वेळानं उठेल. तो जमिनीकडं बघत बोलायला लागला. "आई झोपेत न्हाई गेली, आक्का."

तू झोपेतच गेलीस, हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. भूकंप झाला तेव्हा मी लातूरला खोलीवर होते, तूच पाठवलेली. बाबा गेल्यानंतर भावकी म्हणाली होती, एकटी बाई, पोरीला कशाला शिकवतीस, आणि तू म्हणाली होतीस, "म्हणूनच शिकवायलेय." वाटेतल्या औशापर्यंत एका ट्रकनं आणलं, पुढं मी चालत आले, तोवर तुला अग्नी देऊन झाला होता, गावातल्या इतर कितीतरी जणांबरोबर, पडक्या घरांच्या वाशांवर. बायका मला धरून म्हणाल्या, झोपेतच गेली गं, तिला कळलंसुद्धा नाही. बारक्या तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला ढिगाऱ्यातून दुपारी काढलं होतं, आणि तो एक शब्द बोलत नव्हता. मी तेच धरून जगले. नांदेडला मी शिकवते त्या क्लासमधल्या पोरींनासुद्धा हेच सांगत आले.

"बोलत व्हती," बारक्या म्हणाला. "दिसत न्हवती, पर बाजूलाच व्हती. तोंडात माती जायची, थुकायची अन् बोलायची. म्हणली, झोपू नगं, पाढे म्हण. दोनापासून म्हणलो. चुकलं की सांगायची. सतराचा आला. सतरा सत्ते मला येत न्हवतं. चुकीचं म्हणलो, अन् थांबलो. न्हाई बोलली. मग मी मुद्दाम चुकीचंच म्हणत राहिलो, आक्का. लई येळ."

मी विचारलं, "माझं काही म्हणाली?"

"म्हणली, आक्का लातूरला हाय, बरं झालं."

नवऱ्या मुलाची आजी बाहेर आली होती. तिला आमची भाषा कळत नव्हती, पण ती बारक्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि आपल्या हातातल्या पंख्यानं त्याला वारा घालू लागली. तुझी नात पांढऱ्या झग्यासकट खाली वाकली, मामाच्या पायाला हात लावला, आणि म्हणाली, "मामा, तुम्ही इथंच थांबा. दार उघडंच ठेवू." मग माझ्याकडं वळून, "आई, तू चल." बाजा पुन्हा सुरू झाला, आणि मी तिला घेऊन आत गेले. दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं हसून बघत होती. भिंती गार होत्या. मी जपून पाऊल टाकत होते, आणि त्या बाजाच्या आवाजाखाली, आई, मी तुझं खाकरणं ऐकत होते. पाद्रीबाबा बोलत होते ते काही माझ्या कानांत शिरलं नाही. वळून पाहिलं तर दारातल्या उजेडात फेटा दिसत होता, आणि शेजारी हलणारा पंखा.

संध्याकाळी हॉलमध्ये बारक्यानं पोरीला अंतरपाटामागं आणून उभं केलं, अक्षता टाकल्या, पंगतीत चिनी पाहुण्यांना आग्रह करकरून वाढलं. त्याचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा मोकळा पाहिला नव्हता. त्यानं ते माझ्याकडं दिलं होतं.

आता नांदेडला रस्त्यावरून अवजड गाडी गेली की खिडकीची तावदानं वाजतात आणि मी हातातलं काम थांबवते. क्लासमधली एखादी पोर घरच्या आठवणीनं रडली की मला तिला काय सांगावं ते उमगत नाही. पाणी देते, जवळ बसते.

हे तुला लिहिलेले कागद मी कुठं टाकणार? जुन्या गावाच्या जागी बाभळी आहेत, आणि नव्या गावात तू कधी राहिलीच नाहीस. त्या पायरीवरून उठताना मी बारक्याला म्हटलं, "सांगितलंस ते बरं केलंस." त्याला हलकं वाटावं म्हणून म्हटलं. तुला खरं सांगते, मला ते ऐकायचं नव्हतं. तू झोपेतच गेलीस, एवढं मला मरेपर्यंत पुरलं असतं.