डॉक्टरीणबाईंचा फोन आला तर

प्रिय ताईस, खाली मान घालून नमस्कार.

"उदास असतोस ते कळलं. खुशीत असताना कसा असतोस?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. मी म्हणालो, "एकदम झकास!" त्या हसल्या. "ते घरच्यांना विचारायला हवं."

बायपोलर आजारावर, म्हणजे कधी खोल उदासी तर कधी अंगात संचारल्यासारखा चढ, यावर त्यांचं संशोधन चालू आहे. चढाचे दिवस लपवले, तर नुसत्या उदासीच्या गोळ्यांनी माणूस आणखी भडकू शकतो म्हणे. म्हणून त्यांना तुझा नंबर दिलाय.

"आमचा धाकटा जरा तापट आहे, एवढंच," असं म्हणून पांघरूण घालू नकोस गं. झोपेशिवाय कसा फिरायचो ते सांग. मला आवडायची त्या मुलीच्या ऑफिसात टेबलावर चढून लग्नाची मागणी घातली ते सांग. उतरवायला आलीस तेव्हा तुला ढकललं, तेही. तुझं मनगट अजून दुखतं का?

प्रेम मात्र खरं होतं. ते सांगितलं नाहीस तरी चालेल.

इथे घेतलेली खोली हवेशीर आहे, दोन्ही वेळ जेवतो. आईला एवढंच कळव.

फोनवर तुझा आवाज ऐकून पुन्हा थापा मारल्या असत्या, म्हणून हे पत्र. अजून बसलो तर हे फाडून टाकीन, म्हणून सही करून उठतो आणि लगेच टपालपेटीत टाकायला निघतो.

तुझा,
तोंड न दाखवणारा धाकटा